गोळी सोडली, आता देखरेख कशाची?

वाचक भगिनीचं पत्र:

"माझं वय ४७. तीन वर्षांपूर्वी डाव्या स्तनात गाठ निघाली. दुसरी स्टेज, हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या जोरावर वाढणारी. स्तन वाचवून गाठ काढली, केमो झाली, रेडिएशन झालं आणि टॅमॉक्सिफेन ही हार्मोनचा परिणाम अडवणारी गोळी सुरू झाली. दीड वर्ष घेतली. रात्री अंगातून वाफा निघायच्या, घामाने चादर भिजायची, झोप नाही, दिवसा कुणी साधं बोललं तरी चिडायचे नाहीतर रडायचे. शेवटी चार महिन्यांपूर्वी थोरल्या बहिणीने एका निसर्गोपचार सल्लागाराकडे नेलं. त्यांनी गोळी बंद करायला लावली. आता हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल, वनस्पतींचं एक मिश्रण आणि अँटिऑक्सिडंटचा मोठा डोस चालू आहे. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्वही दिलं होतं, ती बाटली गेल्या महिन्यात संपली. मला खूपच बरं वाटतंय. मॅमोग्रामच्या रेडिएशनने कॅन्सर उलटतो म्हणून तो केला नाही. त्यांच्याकडेच थर्मोग्राफी होते आणि दर महिन्याला सीए १५-३ ही रक्ततपासणी. तीन महिने आकडा १९-२० होता, या वेळी २७ आला. रिपोर्टवर ३० पर्यंत नॉर्मल लिहिलंय, तरी मी घाबरले. सल्लागार म्हणाले, शरीर आतली घाण बाहेर टाकतंय, आकडा आधी चढणारच. माझ्या ऑन्कोलॉजिस्टना यातलं काही माहीत नाही. दोन अपॉइंटमेंट चुकवल्यात, आता गेले तर रागावतील. मला पुन्हा त्या गोळीच्या नरकात जायचं नाही. गोळी न घेता नीट देखरेख कशी ठेवायची तेवढं सांगा. पुढच्या आठवड्यात पुन्हा थर्मोग्राफी आहे, जाऊ ना?"

प्रिय ताई,

आधी त्या २७ चं बघू, कारण तुमची झोप आता त्यानेच उडवली असणार. सीए १५-३ म्हणजे स्तनातल्या पेशींवरच्या एका प्रथिनाचे रक्तात उतरलेले तुकडे. यकृताला सूज असली, बी-१२ फार कमी पडलं, स्तनात कॅन्सर नसलेली काही भानगड असली तरी तो आकडा चढतो. लॅब किंवा यंत्र बदललं तरी बदलतो. उलट कॅन्सर परतलेल्या कित्येक बायकांमध्ये तो सुरुवातीला हलतसुद्धा नाही. म्हणूनच उपचार पूर्ण झालेल्या आणि काही तक्रार नसलेल्या बाईचा हा मार्कर, म्हणजे कॅन्सरचा माग काढायला वापरतात तो रक्तातला आकडा, नेमाने तपासत बसू नये, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांची संघटना, 'आस्को', स्पष्ट सांगते. तेव्हा २७ वरून कॅन्सर परतला असं म्हणता येत नाही. तसंच १९ वरून सगळं आलबेल होतं असंही म्हणता येत नव्हतं.

आणि बायोटिनबद्दलची ती ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. मी बरीच वर्षं एका कॅन्सर विभागाच्या औषधालयात काम केलंय, त्यामुळे माझी नजर नेमकी तिथेच अडकली. बऱ्याच लॅबमधल्या यंत्रांत रक्तातला हवा तो पदार्थ पकडून ठेवायला बायोटिनचाच वापर केलेला असतो. तुम्ही वरून घेतलेलं बायोटिन रक्तात भरपूर असेल तर ते मध्ये लुडबुड करतं आणि आकडा खोटा येतो. ट्यूमर मार्करच्या चाचण्यांत तो बहुधा खोटा कमी येतो, काही हार्मोनच्या चाचण्यांत खोटा जास्त. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, कारण हार्ट अटॅक ओळखण्याची रक्ततपासणीसुद्धा यामुळे चुकू शकते. आता तुमच्या तारखा जुळवून बघा. बायोटिन चालू होतं तेव्हा १९-२०, बाटली संपल्यावर २७. आकडा चढला नसेलच, आधीचेच खोटे कमी आले असतील, ही शक्यता चांगलीच दिसते. लॅबला फोन करून विचारा की तुमच्या यंत्रावर बायोटिनचा परिणाम होतो का आणि रक्त देण्याआधी ते किती दिवस बंद ठेवायचं. मोठा डोस असेल तर साधारण तीन दिवस सांगतात.

सल्लागारांनी यातलं काहीही विचारलं नाही. त्यांच्याजवळ उत्तर तयार होतं. १९ होता तेव्हा उपचार लागू पडत होता, २७ झाला तेव्हा घाण बाहेर पडत होती. उद्या १५ झाला तर? लागू पडतोय. ४० झाला तर? घाण जास्त होती. असा कुठला आकडा, कुठला रिपोर्ट, कुठलं लक्षण आहे की जे दिसल्यावर हे गृहस्थ म्हणतील, 'हे जमत नाहीये, थांबवू या'? त्यांना हे तोंडावर विचारा आणि उत्तर लिहून मागा. ज्याचा माल त्याचाच तराजू, असा हा कारभार आहे. औषध देणारे तेच, थर्मोग्राफी करणारे तेच आणि रिपोर्टचा अर्थ सांगणारेही तेच. मी वैकल्पिक उपचारांवर उठल्यासुटल्या तुटून पडणाऱ्यांतली नाही, पुढे येईलच ते. पण मोजमाप विकणाऱ्याच्या हातात द्यायचं नाही, मग तो कोट घातलेला असो की धोतर नेसलेला.

आता तुमचा मुख्य प्रश्न: गोळी न घेता देखरेख कशी ठेवायची. गोळीची जागा देखरेखीने भरून निघत नाही, कारण तुमच्या बाबतीत मोजण्यासारखं काही उरलेलंच नाही. गाठ काढली, रेडिएशन झालं. टॅमॉक्सिफेन देतात ती हाडात, यकृतात, फुप्फुसात कुठेतरी विखुरलेल्या चार पेशी राहिल्या असल्या तर त्यांच्यासाठी. त्या असतील किंवा नसतीलही. असल्या तरी त्या ना मॅमोग्रामवर दिसतात, ना पेट स्कॅनवर, ना रक्तात. म्हणजे बराच काळ गोळी घेणारीचा रिपोर्टही स्वच्छ येतो आणि न घेणारीचाही. हार्मोन पॉझिटिव्ह कॅन्सर पाच वर्षांनीच काय, वीस वर्षांनीही डोकं वर काढू शकतो. आणि ज्या दिवशी तो दुसऱ्या अवयवात दिसतो त्या दिवशी उपचार असतात, त्यांच्या आधाराने वर्षानुवर्षं जगताही येतं, पण मुळापासून बरं होण्याची संधी बहुधा हातची गेलेली असते. 'लक्ष ठेवू, काही दिसलं तर गोळी सुरू करू' हा बेत म्हणूनच लंगडा आहे. दिसेपर्यंत वेळ निघून जातो.

मग टॅमॉक्सिफेन तरी काम करते हे कशावरून? तुमच्या एकटीच्या रिपोर्टावरून ते कधीच कळलं नसतं. त्याचा पुरावा हजारो बायकांच्या नोंदींत आहे. जगभरातल्या चाचण्यांचे आकडे एकत्र करणाऱ्या ऑक्सफर्डच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की हार्मोन पॉझिटिव्ह बायकांनी साधारण पाच वर्षं ही गोळी घेतली तर पुढच्या पंधरा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतात. पाच वर्षांच्या गोळीचा फायदा पंधरा वर्षं टिकतो, हे त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अर्थात 'एक तृतीयांश' म्हणजे तुमच्यासाठी नेमकं किती, हे गाठीच्या आकारावर आणि काखेतल्या गाठींवर ठरतं. कुणासाठी तो शंभरात दोघी-तिघींचा फरक असतो, कुणासाठी दहाजणींचा. ऑन्कोलॉजिस्टना सरळ विचारा: "माझ्यासारख्या शंभरजणींनी गोळी घेतली तर किती वाचतात आणि नाही घेतली तर किती?" ब्रिटनमध्ये तयार झालेलं 'प्रेडिक्ट' नावाचं एक साधन आहे, त्यात तुमची माहिती भरून डॉक्टर हा आकडा तुमच्यासमोर काढू शकतात. गोळी सोडायची की नाही हे त्या आकड्याकडे बघून ठरवा. तो न बघता सोडली, हीच माझी खरी तक्रार आहे.

आणखी एक अभ्यास सांगते, कारण तो तुमच्याच परिस्थितीवर आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दोन गोष्टी छापल्या. पहिली: नेहमीचे उपचार नाकारून केवळ वैकल्पिक उपचार घेणारे २८१ रुग्ण त्यांनी तपासले. त्यांच्यातल्या स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांत मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त निघाला. दुसरी जास्त बोलकी आहे. काही नेहमीचे उपचार घेऊन सोबत पूरक उपचारही करणारे २५८ रुग्ण त्यांनी बघितले, म्हणजे दोन्ही दगडांवर पाय ठेवणारे. त्यांच्यातही मृत्यूचा धोका दुप्पट निघाला. का? त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांनी केमो नाकारली होती, इतरांत हे प्रमाण ३ टक्के होतं. हार्मोनच्या गोळ्याही ३४ टक्क्यांच्या आसपास लोकांनी नाकारल्या होत्या. हा नकार हिशेबात धरल्यावर दोन्ही गटांतला फरक नाहीसा झाला. म्हणजे नुकसान वनस्पतींनी केलं नाही, वनस्पती आल्या म्हणून जे बाहेर गेलं त्याने केलं. तुमच्या घरात नेमकं हेच घडलंय.

"मला खूपच बरं वाटतंय" असं तुम्ही लिहिलंय आणि ते अक्षरशः खरं असणार. पण कशाने? वाफा, घाम, झोपमोड, चिडचिड हे सगळं टॅमॉक्सिफेनचं देणं होतं. ती बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत हे ओसरणारच होतं, तुम्ही नुसतं पाणी प्यायला असतात तरी. श्रेय मात्र कॅप्सूलला मिळालं.

तुमच्या बहिणीने ज्या बऱ्या झालेल्या बायकांच्या गोष्टी सांगितल्या असतील त्यांचंही थोडं तसंच आहे. पहिला प्रश्न विचारा, गाठ शस्त्रक्रियेने काढली होती का? बहुतेक गोष्टींत उत्तर 'हो' येतं, आणि मग कित्येकजणी त्या शस्त्रक्रियेनेच बऱ्या झालेल्या असतात. बरं, शस्त्रक्रियाही झाली नव्हती असं धरू. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये १८०५ ते १९३३ या काळात कुठलाही उपचार न झालेल्या २५० बायकांच्या नोंदी होत्या, त्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पहिलं लक्षण दिसल्यापासून पाच वर्षांनी त्यांच्यातल्या १८ टक्के जिवंत होत्या. काहीही न करता, बघा. दहा वर्षांनी चार टक्क्यांहूनही कमी उरल्या होत्या. आजच्या काळात शंभरातल्या त्या १८ जणींपैकी एखादीने जे काही खाल्लं-प्यायलं असतं त्याचा व्हिडिओ निघाला असता. उरलेल्या ८२ जणींचा व्हिडिओ कोण काढणार?

थर्मोग्राफीबद्दल थोडक्यात सांगते, तिला याहून जास्त जागा देण्याची गरज नाही. ती त्वचेचं तापमान मोजते. मॅमोग्रामऐवजी ती चालते याला पुरावा नाही, आणि तशी जाहिरात करणाऱ्यांना एफडीएने वारंवार समज दिलीय. मॅमोग्रामचं रेडिएशन साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट असतं. जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्या सगळ्यांवर तसंही जेवढं पडत असतं त्याच्या सात-एक आठवड्यांच्या हिशेबाइतकं. तुम्ही रेडिएशनचा पूर्ण कोर्स सोसलेल्या बाई आहात. त्याच्यापुढे मॅमोग्राम खिजगणतीतही नाही.

खरी देखरेख ऐकली तर तुम्हाला फारच साधी वाटेल. उपचारांनंतर पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हाताने तपासायचं आणि विचारपूस करायची, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, त्यानंतर वर्षातून एकदा. स्तन वाचवलेला असेल तर दोन्ही बाजूंचा मॅमोग्राम दर वर्षी. बस. दर महिन्याला रक्त नाही आणि सहा महिन्यांनी पेट स्कॅनही नाही. यावर बायका भांडतात, 'एवढंच? मग कळणार कसं?' म्हणतात. इटलीत दोन मोठ्या चाचण्या झाल्या, १९९४ मध्ये निकाल आले. मिळून अडीच हजारांवर बायका होत्या. अर्ध्यांचे नेमाने हाडांचे स्कॅन आणि छातीचे एक्स-रे काढले, अर्ध्यांना फक्त तपासणी आणि मॅमोग्राम. जगण्यात काही फरक पडला नाही. जास्त तपासण्यांनी जास्त कळतं असं वाटतं, पण तक्रार नसताना केलेल्या तपासणीतून बहुतेक वेळा शंका निघते, शंकेतून दुसरी तपासणी, आणि मधले आठवडे तुमच्या या महिन्यासारखे जातात.

दोन तपासण्यांच्या मध्ये लक्ष द्यायचं ते शरीराकडे. टाक्यांच्या जागी, स्तनात, काखेत किंवा गळ्याच्या हाडावर नवी गाठ, त्वचा ओढली जाणं, एकाच हाडात दुखणं जे विश्रांतीनेही जात नाही आणि रात्री वाढतं, न थांबणारा कोरडा खोकला, धाप, कारण नसताना वजन उतरणं, कावीळ, नव्याने सुरू झालेली आणि वाढत जाणारी डोकेदुखी. यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. (धाप एकदम लागली तर दोन आठवडे कसले, त्याच दिवशी जायचं.) टॅमॉक्सिफेन घेत असाल तर आणखी दोन गोष्टी आहेत. पाळी गेल्यावर अंगावरून रक्त जाणं किंवा पाळी चालू असताना ती फारच बिघडणं, आणि एकाच पायाच्या पोटरीला सूज-दुखणं. गोळीचे हे धोके खरे आहेत, ते लपवून तुम्हाला तिच्याकडे परत पाठवण्यात मला रस नाही.

आणि परत जाणं म्हणजे त्याच नरकात जाणं, असं नसतं. ताई, मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात जास्त खटकलं ते हे की त्या दीड वर्षात तुमच्या त्रासावर कुणी काही केल्याचं पत्रात कुठेही नाही. तुम्ही सांगितलं नाहीत की त्यांनी ऐकलं नाही, ते असो. पण करण्यासारखं भरपूर आहे. वाफांवर व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेन्टिन, ऑक्सिब्युटिनिन ही औषधं चाचण्यांत उपयोगी ठरली आहेत. व्हेन्लाफॅक्सिनने मनालाही थोडा आधार मिळतो. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन मात्र टॅमॉक्सिफेनसोबत टाळतात. टॅमॉक्सिफेन ही गोळी यकृतात गेल्यावर एका एन्झाइमच्या मदतीने एंडॉक्सिफेन या खऱ्या कामाच्या रूपात बदलते, आणि ही दोन औषधं तो एन्झाइम अडवतात. डिप्रेशनची गोळी दुसऱ्या डॉक्टरांकडून घेतलीत तर हे त्यांना सांगायचं. काहीजणींना दुसऱ्या कंपनीची टॅमॉक्सिफेन सोसते, काहीजणींना घेण्याची वेळ बदलून फरक पडतो. अंडाशयाचं काम थांबवून ॲरोमॅटेज इनहिबिटर, म्हणजे शरीरात इस्ट्रोजेन हार्मोन बनू न देणारी गोळी, देणं हाही एक पर्याय असतो. त्याचे त्रास वेगळे, सांधे धरतात, हाडं विरळ होतात म्हणून हाडांची घनता तपासत राहावी लागते. पण ज्यांना टॅमॉक्सिफेन झेपत नाही त्यांच्यासाठी तो पर्याय आहे.

पूरक उपचारांची खरी जागा इथेच आहे, आणि ती छोटी नाही. इटलीत स्तनाच्या कॅन्सरच्या १९० बायकांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲक्युपंक्चरने वाफा कमी झाल्या. ॲरोमॅटेज इनहिबिटरमुळे दुखणाऱ्या सांध्यांवर अमेरिकेत २२६ बायकांची चाचणी झाली, २०१८ चे तिचे निकाल सांगतात की ॲक्युपंक्चरने दुखणं खोट्या सुयांपेक्षा जास्त उतरलं. फार नाही, पण उतरलं. योगाने झोप आणि थकवा सुधारतो, ध्यानाने धास्ती कमी होते, आणि नियमित व्यायामाचा पुरावा तर इतका भक्कम आहे की त्याला पूरक म्हणायचंही कारण नाही. हे सगळं गोळी टिकवून धरायला वापरा. निसर्गोपचार सल्लागारांकडून हवंच असेल तर हे मागा.

आता त्या कॅप्सूल. औषधालयाच्या खिडकीवर बायका पिशवी घेऊन यायच्या. इकडेतिकडे बघायच्या आणि हळूच विचारायच्या, "हे चालेल का हो सोबत?" मी म्हणायचे, ओता सगळं. एकेक बाटली लेबल वर करून लावत जायचे. निम्म्या लेबलांवर मिश्रणाचं एकूण वजन असायचं, पण त्यात कुठली वनस्पती किती, ते नाही. दोन वेगवेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकच अर्क निघायचा, म्हणजे डोस नकळत दुप्पट. तुमच्या मिश्रणाची बाटली उचलून बघा, प्रत्येक घटकाचं मिलिग्रॅम लिहिलंय का? नसेल तर त्याची देखरेख कुणालाच करता येणार नाही, ना तुम्हाला, ना मला, ना डॉक्टरांना. ती बाटली बंद करा.

कर्क्युमिनचं सांगते. नेदरलँड्समध्ये २०१९ साली टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या सोळाजणींना कर्क्युमिनच्या कॅप्सूल देऊन रक्त तपासलं, तर एंडॉक्सिफेनची पातळी घसरलेली आढळली. कर्क्युमिनचं शोषण वाढवायला त्यात मिऱ्यातलं पिपरिन घातलं होतं तेव्हा जास्त, बारा टक्क्यांच्या आसपास. अभ्यास लहान आहे. पण जिची पातळी मुळातच काठावर आहे तिला तेवढीही घसरण नको. गोळी पुन्हा सुरू केलीत तर या कॅप्सूल थांबवा. मी एकवटलेल्या अर्काबद्दल बोलतेय, जेवणातल्या हळदीच्या चिमटीबद्दल नाही. उदासीवर म्हणून विकली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती तर कॅन्सरच्या कितीतरी औषधांची रक्तातली पातळी खाली आणते, ती नकोच.

अँटिऑक्सिडंटचा मोठा डोस तुम्ही निदान केमो संपल्यावर घेताय. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची केमो चालू असेल तर त्यांनी थांबावं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केमोच्या आधी आणि केमो चालू असताना अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत कॅन्सर परतण्याकडे कल जास्त दिसला, बी-१२ च्या गोळ्या घेणाऱ्यांत तर तो स्पष्टच दिसला. (तपासणीत बी-१२ कमी निघालं म्हणून डॉक्टरांनी दिलेलं वेगळं.) 'नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना' हे वाक्य ऐकलं की मला असेटिल-एल-कार्निटिन आठवतं. केमोने हातपाय बधिर होतात, त्यावर हे निरुपद्रवी सप्लिमेंट सर्रास सुचवलं जायचं. अमेरिकेत ४०९ बायकांवर नीट चाचणी घेतली, २०१३ मध्ये निकाल आला, आणि घेणाऱ्यांची बधिरता न घेणाऱ्यांपेक्षा वाढलेली निघाली. तपासलं नसतं तर आजही दिलं जात असतं, आणि घेणारीला वाटलं असतं की केमोच वाईट.

जे काही ठेवायचं ते एका वहीत लिहा: नाव, डोस, सुरू केल्याची तारीख, कशासाठी, आणि किती आठवड्यांत फरक पडला नाही तर बंद करणार. हा शेवटचा रकाना आधीच भरायचा, नंतर नाही. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करायची, म्हणजे पुरळ उठलं किंवा यकृताचे आकडे चढले तर कशाने ते कळतं. ती सुरू करण्याआधी यकृताची तपासणी एकदा आणि काही आठवड्यांनी पुन्हा. ग्रीन टीचे एकवटलेले अर्क, अश्वगंधेच्या कॅप्सूल यांनी यकृत सुजल्याच्या नोंदी आहेत. आणि कुठलीही बायोप्सी किंवा शस्त्रक्रिया ठरली की ही वही आधी दाखवायची, कारण यातल्या काही गोष्टींनी रक्तस्राव वाढतो.

ज्यांचा कॅन्सर आधीच दुसऱ्या अवयवांत पोचलाय अशाही वाचक या ओळी वाचत असतील. तुमचं गणित वेगळं आहे, तुमच्याकडे मोजण्यासारखं काहीतरी आहे. तिथे ठरावीक अंतराने स्कॅन आणि सोबत मार्कर, असं चालतं. मार्कर एकटा कधीच बघायचा नाही, कारण नवा उपचार सुरू झाल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत तो उपचार लागू पडत असतानाही उसळतो. स्कॅनवर मोजलेल्या गाठींची बेरीज २० टक्क्यांनी आणि किमान ५ मिलिमीटरने वाढली तर आजार वाढला असं धरण्याची पद्धत आहे. पूरक काहीही घ्या, पण उपचार चालू ठेवायचा की बदलायचा हे त्या मोजमापावर ठरू द्या.

तुमच्या ऑन्कोलॉजिस्टकडे वळते. ते रागावतील असं तुम्हाला वाटतं. रागावतीलही एखाद मिनिट. पण गोळ्या मधेच सोडणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, त्यांच्या दृष्टीने ही रोजची गोष्ट आहे. चार महिन्यांत सगळं हातचं गेलं असंही नाही, सोडलेली गोळी पुन्हा सुरू करता येते. मूल हवं म्हणून हार्मोनचे उपचार ठरवून दोन वर्षांपर्यंत थांबवणाऱ्या ५१६ बायकांचा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पहिल्या काही वर्षांत तरी त्यांच्यात कॅन्सर परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. त्या वयाने तुमच्यापेक्षा लहान होत्या आणि डॉक्टरांच्या नजरेखाली थांबल्या होत्या, म्हणून तो तुम्हाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण 'आता उशीर झाला, जाऊन काय उपयोग' या विचाराला तो नक्कीच उत्तर आहे.

अपॉइंटमेंट घेतानाच सांगून टाका, म्हणजे समोर बसल्यावर सुरुवात कशी करायची हा पेच उरत नाही: "मी चार महिन्यांपूर्वी टॅमॉक्सिफेन बंद केली. त्रास सोसत नव्हता. त्यावर बोलायला वेळ हवाय." आत गेल्यावर वही आणि सगळ्या बाटल्या टेबलावर ठेवा. आणि सगळं ऐकून, तुमचा शंभरातला आकडा बघूनही गोळी नको असंच ठरलं, तर तो तुमचा हक्क आहे. तेव्हा एवढंच म्हणा, "गोळी घेत नाही, पण तपासणीला येत राहणार." चांगला डॉक्टर गोळी नाकारणाऱ्या बाईलाही तपासत राहतो. जे तुम्हाला दाराबाहेर काढतील त्यांच्याऐवजी दुसरे शोधा, तो प्रयत्न वाया जाणार नाही.

थोरल्या बहिणीला दोष देऊ नका. तुमचा त्रास बघून ती धावली, इतकंच. तिलाच सोबत न्या. आकडा ऐकताना चार कान असलेले बरे, आणि घरी येऊन तिला पटवत बसण्याचाही ताप वाचेल.

पुढच्या आठवड्यातली थर्मोग्राफी रद्द करा आणि मॅमोग्रामची वेळ घ्या. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट सोबत न्या, कारण शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झालेल्या स्तनात व्रणांची गुंतागुंत असते आणि आधीच्या चित्राशी ताडून बघितल्याशिवाय रेडिओलॉजिस्टला नवीन काय ते नीट सांगता येत नाही. रेडिएशन झालेली बाजू दाबताना दुखते, तंत्रज्ञाला आधीच सांगा. पाळी चालू असेल तर ती झाल्यानंतरच्या आठवड्यात जा, तेव्हा स्तन कमी हुळहुळे असतात. आणि त्या दिवशी काखेत डिओडरंट किंवा पावडर लावू नका, त्यातले कण फिल्मवर चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि उगाच पुन्हा बोलावणं येतं.